मोटारखान्याची भिंत

मोटार घनसावंगीच्या वाटेला लागली होती. वेशीच्या वळणावर तिचा आवाज पडला, पुलापाशी पुन्हा एकदा आला आणि मग बंद झाला. म्हणजे मोटारखाना आता संध्याकाळपर्यंत रिकामा. आणि तरी भिंतीपलीकडून गुणगुण येत होती. मी कानावरचा फडका सैल केला.

बाळंतिणीने कान उघडे ठेवू नयेत, हे मला रोज ऐकवलं जायचं. माहेरी आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच झालं. बारसं आटोपलं होतं. मुलगा दिवसभर झोपायचा, मी दिवसभर ऐकायची. खोलीला खिडकी नव्हती. दाराला जाड पडदा. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा-शेपांची धुरी. वर कोनाड्यात दिवा. सव्वा महिना तो दिवा विझू द्यायचा नाही, असा सासरच्या घराचा नेम. मांजर तेल पिते म्हणून कोनाडाही पार उंचावर, आढ्याच्या जवळ.

ती खोली आणि मोटारखाना मुळात एकच लांब खोली होती. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तिच्यात ज्वारीची पोती असत. यांनी जुनी मोटार घेतली तेव्हा मधे भिंत घालून रस्त्याकडच्या भागाला मोठं दार बसवलं. भिंत मात्र माळवदापर्यंत नेलीच नाही. वर वीतभर फट तशीच ठेवली, हवा खेळती राहील म्हणून. दिव्याचा कोनाडा त्या फटीच्या अगदी खाली येतो, हे भिंत घालणाऱ्याला सुचायचं कारण नव्हतं. तेव्हा मोटारखान्यात मोटारीखेरीज काही नव्हतं.

चार्जर नंतर आला. हे डॉक्टर. गावातल्या गावात दहा ठिकाणी थांबायचं, दहा वेळा मोटार चालू करायची, त्यात बॅटरी बसायची. कुणी अडलेल्या बाईसाठी बोलवायला आलं की आधी चार माणसं मोटार ढकलायला जमवावी लागत. गल्लीत वीज आली होती, तेव्हा हैदराबादहून एक लोखंडी पेटी मागवली आणि लतीफ मिस्त्रीने ती बसवून दिली. मिस्त्री बोलघेवडा. ‘बिलकुल फिकर नको, बाई’ हे त्याचं प्रत्येक तारेमागे एकदा. मी तेव्हा सातव्या महिन्यात होते, तरी खुर्ची टाकून बसले. तार जाड घ्यायला लावली, मधे जोड नको म्हटलं, मेन स्विच उंचावर बसवून घेतला, मोरीच्या ओल्या मातीत कोळसा नि मीठ घालून अर्थिंगचा पत्रा पुरेपर्यंत उठले नाही. जगन्नाथभावजी म्हणाले होते की वहिनी पावरहाउस उघडून राह्यल्या. मी हसले नाही. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो आणि तो पेट घेतो, एवढं मला इंटर सायन्समुळे माहीत होतं. म्हणून यांच्याकडून शब्द घेतला: बॅटरी एकच, आपल्या मोटारीची. चार्जिंगच्या वेळी दार आणि दोन्ही खिडक्या सताड उघड्या. आणि हे घरी असतील तेव्हाच.

शब्द दिला होता, आणि आता मोटार आपली बॅटरी पोटात घेऊन घनसावंगीला गेली होती. मग पलीकडे काय चार्ज होत होतं?

सासूबाई आत आल्या तेव्हा मी विचारलं. त्यांचं नाव दुर्गाबाई आणि घरातला कारभारही तसाच. त्यांनी आधी माझ्या कानाचा फडका घट्ट बांधला, मग म्हणाल्या की कानात वारा शिरला की असंच वाजतं. मी म्हटलं, वारा असा एका सुरात वाजत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि शेगडीत ओवा टाकला.

जगन्नाथभावजी माझे धाकटे दीर. पंचविशी ओलांडलेली, दोन धंदे करून मोडलेले, मनाने मात्र लख्ख. त्या दिवसांत ते घरात टिकत नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या निवडणुकीचे दिवस, जिकडेतिकडे भोंगे नि सभा. त्यांना मी पडद्याआडून हाक मारून विचारलं. ते हसत म्हणाले, कडूबाची पिठाची गिरणी चालू असेल. गिरणीचा पट्टा फटफटतो आणि ही गुणगुण सरळ, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते उत्तर देण्याआधी थोडे थांबले होते. तेवढं मला पुरलं.

त्यानंतर मी ऐकण्याचं वेळापत्रकच धरलं. मोटार गेली की थोड्या वेळाने मोटारखान्याच्या दाराची कडी आतून लागायची. काहीतरी जड फरशीवर टेकल्याचे आवाज यायचे, एकापाठोपाठ एक. मग गुणगुण. आणि बाळ शांत असलं तर आणखी एक आवाज यायचा, मंद आचेवर भात शिजावा तसा, खदखद. वास आंबूस. घशात खवखव. बाळ दुपारी शिंकायला लागलं की सासूबाई म्हणत, पाहा, वारा लागला. आणि कुठे वारा येतोय ते शोधत फिरत.

साळूबाई मला न्हाऊ घालायला येई. हाताने दणकट, तोंडाने मवाळ. तिला म्हटलं, जाताना मोटारखान्याकडून जा आणि खिडक्या उघड्या आहेत का तेवढं बघून मला सांग. दुसऱ्या दिवशी तेल लावता लावता तिने सांगितलं.

“खिडक्या कशाच्या उघड्या, बाई. मोठ्या बाईंनी दोन्हीत गोधड्या कोंबल्यात. तिकडूनच वारा येतो म्हंत्या लेकराला.”

माझ्या पाठीवरून तिचा हात फिरत होता आणि मी मनाशी जुळवत होते. दार भावजींनी आतून लावलेलं. खिडक्या सासूबाईंनी बुजवलेल्या. भावजींना गोधड्यांचं काही वाटलं नसणार, उलट बरंच वाटलं असेल, आतलं बाहेर दिसत नाही. आणि सासूबाईंना आत काय चाललंय ते ठाऊकच नसणार. दोघांनी आपापल्या परीने ती खोली बंद केली होती, आणि आता त्या हवेला जायला एकच वाट उरली होती. माझ्या दिव्याच्या डोक्यावरची.

साळूबाईला मी हे समजावायला गेले. तिने ऐकून घेतलं, पदराने कपाळ पुसलं आणि बाहेर जाऊन सासूबाईंच्या कानाला लागली.

त्या संध्याकाळी हे आत आले. बाळाला पाहिलं, मग माझी नाडी धरली. नाडी बघायला एवढा वेळ लागत नाही. पापणी खाली ओढून डोळा पाहिला. झोप येते का, कुणी बोलल्यासारखं ऐकू येतं का, असं गप्पांच्या ओघात आल्यासारखं विचारलं. मी डॉक्टरची बायको; कुठला प्रश्न कुठल्या रोगासाठी असतो हे मला कळत होतं. यांना बाळंतवाताची, बाळंतपणातल्या वेडाची, शंका आली होती.

मी शक्य तेवढ्या सावकाश बोलले. तुम्ही नसताना चार्जर चालतो, दार-खिडक्या बंद असतात, एकदा बघा. हे म्हणाले की दोनदा पाहिलं, मोटारखाना रिकामा आहे. बरोबरच होतं. हे यायच्या आत तो रिकामा होत असे. गोधड्यांचं विचारलं तर म्हणाले, आईच्या समाधानासाठी राहू दे, मोटारीची बॅटरी मी आता बाहेर अंगणात ठेवूनच चार्ज करीन. आणि मग एक बाटली काढून ठेवली. रात्री एक, दुपारी एक घोट. झोप लागेल.

“झोप घेतलीस तर हे आवाज थांबतील, शरयू,” हे म्हणाले. आवाजात माया होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

कारण मी पुढे आणखी बोलले असते तर काय होणार होतं ते पडद्यापलीकडून मला ऐकू आलं होतं. सासूबाई म्हणत होत्या की पाजण्यापुरतं पोर तिच्याजवळ द्यावं, एरवी आपण खोलीत बसू, तिला औषध देऊन निजवू. म्हणजे मी निजलेली, त्या बसलेल्या, बाळ बाजेवर, दिवा वर आणि भिंतीपलीकडे खदखद. आणि ऐकणारं कुणीच नाही. मी औषध घेतल्यासारखं केलं आणि दुपारचा घोट मोरीत ओतला. गप्प राहिले. सासूबाईंना वाटलं, औषधाचा गुण आला.

ज्या दिवसाचं मला सांगायचं आहे, त्या दिवशी सकाळपासून जगन्नाथभावजी उगीचच लगबगीत होते. संध्याकाळी मोठी सभा होती. हे सकाळीच घनसावंगीकडे निघाले. मोटार पुलापलीकडे गेली की नाही तोच कडी लागली. जड वस्तू टेकण्याचे आवाज संपेचनात. मग चार्जरचा सूर लागला तो नेहमीपेक्षा खालचा, दमलेला, ओझं घेतल्यासारखा.

दुपारी सासूबाई जरा पडायला माजघरात गेल्या. मी बाळाला पाजत होते. दिव्याची ज्योत आधी थरथरली. मग वर, फटीच्या बाजूला, आवाज झाला. फट्. मोठा नव्हे. कुणी वाटाण्याची शेंग फोडावी तेवढा.

असा आवाज त्याआधीही एक-दोनदा झाला होता. सासूबाईंनी तेव्हा हात जोडले होते, सटवाई येऊन बघून जाते म्हणून. मीही वातीत पाणी असेल असं म्हणून सोडून दिलं होतं. पण आज बाळाला घेऊन मी वरच पाहत होते, आणि तो आवाज कुठे ऐकलाय ते एकदम डोळ्यांपुढे आलं. कॉलेजची प्रयोगशाळा, जस्ताचे तुकडे, ॲसिड, आणि परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी. नळीतल्या एवढ्याशा वायूचा तो आवाज. हायड्रोजन ओळखायचा कसा, तर असा. शिकवणाऱ्या बाईंनी तेव्हा सांगितलं होतं, नळी लहान आहे म्हणून आपण हसतोय.

इथली नळी म्हणजे अख्खा मोटारखाना होता.

दुसरा आवाज आधीच्यापेक्षा मोठा झाला आणि ज्योत क्षणभर फटीकडे ओढली गेल्यासारखी लांब झाली. मी बाजेवर उभी राहिले, हात लांबवून वात चिमटीत दाबली. बोटं भाजली. न्हाण्यासाठी भरून ठेवलेली घागर शेगडीवर उपडी केली. वाफ नि राख उडाली. बाळाला दुपट्यात गुंडाळून पडदा बाजूला केला आणि अंगणात, भर वाऱ्यात, लिंबाखाली जाऊन बसले. कानाचा फडका वाटेतच पडला होता.

राखेच्या वासाने सासूबाई उठल्या. आधी खोलीत डोकावल्या, मग मला पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी अतिशय हळू आवाजात, लहान मुलाला समजवावं तसं, बाळाला माझ्याकडे दे, म्हणून हात पुढे केले. मी दिलं नाही. मग त्यांची नजर पुन्हा खोलीच्या अंधाराकडे गेली. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत दिवा विझला होता, तोही पोराच्या आईच्या हाताने. त्यांच्या दृष्टीने माझ्या वेडाहून ते वाईट होतं. वेडावर औषध होतं. त्यांनी कनवटीची काड्यापेटी काढली आणि दाराकडे वळल्या.

मी उठून त्यांच्या वाटेत उभी राहिले. त्यांना वायू, परीक्षानळी, जस्त यातलं काय सांगणार होते. त्यांनी ते सगळं बाळंतवातातच घातलं असतं. त्यांना ढकलण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी बाळ त्यांच्यासमोर धरलं.

“आत्याबाई, काडी ओढायचीच तर याला कडेवर घेऊन आत जा आणि ओढा. मी अडवणार नाही.”

त्या थांबल्या. बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांनी कधी एवढा निरखला नसेल. मला वाटतं त्या वेड शोधत होत्या. पेटीवर अंगठा तसाच होता.

“पोर देऊन राह्यली,” त्या म्हणाल्या. “मघाशी तर देत नव्हती.”

“मघाशी तुमच्या हातात पेटी नव्हती.”

त्यांनी बाळ घेतलं नाही आणि पाऊलही पुढे टाकलं नाही. भिंतीपलीकडची गुणगुण आता अंगणातही ऐकू येत होती, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की ती त्यांनाही ऐकू येतेय. त्यांनी मान जरा तिरकी केली. मग काड्यापेटी कनवटीला परत खोचली आणि मोटारखान्याच्या दारापाशी जाऊन त्यावर हात आपटला.

भावजींनी दार फटीएवढं उघडलं. मी मागून सांगितलं, तारांच्या चिमट्यांना हात लावू नका, ठिणगी पडेल. आधी दार पुरतं उघडा आणि मग भिंतीवरचा मेन स्विच बंद करा. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी तसंच केलं. गुणगुण थांबली. सासूबाई आत गेल्या आणि स्वतः कोंबलेल्या गोधड्या एकेक करून त्यांनी उपसल्या.

उजेड आत पडला तेव्हा फरशीवर बॅटऱ्यांची रांग दिसली. जीपच्या, ट्रकच्या, भोंग्याच्या. काहींची बुचं काढलेली, काहींची नाही, सगळ्या एकमेकींना तारांनी गुंफलेल्या. वहिनीला लपवून, भावाला लपवून, आईला लपवून भावजी त्यांच्या उमेदवाराचे भोंगे बोलते ठेवत होते. यांनी त्यांना ताकीद दिली होती की दवाखान्यात सगळ्या पक्षांचे आजारी येतात, निवडणूक उंबऱ्याबाहेर ठेवायची. ती ताकीद मोडल्याचं कळू नये म्हणून दार बंद. त्यांना एवढंच लपवायचं होतं. वायूचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“मला वाटलं, चार दिवसांचं काम, वहिनी,” ते म्हणाले. “निवडणूक झाली की मंग बंदच करणार होतो.”

सासूबाईंनी त्यांना काय म्हटलं ते मी लिहीत नाही. तशी भाषा त्यांना येते हे मला त्या दिवशी कळलं.

हे संध्याकाळी आले तेव्हा मी अंगणातच होते. सासूबाई माझ्या शेजारी बसून आपल्या पदराने बाळाचे कान झाकून होत्या. ‘आत चला’ असं त्यांनीही म्हटलं नव्हतं. यांनी मोटारखाना पाहिला, बाजेवर चढून फट पाहिली, कोनाडा पाहिला. मग जगन्नाथभावजींना निवडणुकीवरून बोलले. पुष्कळ बोलले. मला वाटतं ते बोलणं सोपं होतं. माझ्याकडे येऊन पुन्हा नाडी धरायला हात पुढे केला, आणि मी हात दिला नाही तेव्हा बाटली उचलून घेऊन गेले.

काही घडलं नव्हतं, हीच खरी अडचण. स्फोट झाला नाही, कुणाला भाजलं नाही. त्यामुळे मी बरोबर होते असं म्हणायला कुणाला काही कारण नव्हतं. गल्लीत गेली ती बातमी एवढीच की डॉक्टरांच्या बायकोने सव्वा महिन्याच्या आत दिवा विझवला आणि ओल्या अंगाने लिंबाखाली जाऊन बसली. साळूबाईने ती घरोघर पोचवली. माझी बाज दवाखान्याच्या बैठकीत आली होती, जिथे दोन खिडक्या आहेत, आणि आजारी लोक आता ओसरीवर बसत. सासूबाईंनीच ते ठरवलं. का, हे त्यांनी सांगितलं नाही. एकदा फक्त, भाकरी वाढताना, मधेच विचारलं की आपण काडी ओढली असती तर खरंच काही झालं असतं का.

मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटल्यासारखं वाटलं.

चार्जर अंगणात आला. लतीफ मिस्त्रीने नवी तार ओढली, बिलकुल फिकर नको म्हणाला, आणि मी खिडकीतून पाहतेय हे दिसल्यावर एक गाठ सोडून पुन्हा बांधली. चार्जिंग चालू असलं की सासूबाई पाट टाकून जरा लांब बसत. वायू म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण काडी, विडी, चिलीम घेऊन कुणीही फाटकाच्या आत आला की त्या उठत. भावजींचा उमेदवार एकदा हात जोडून मतं मागायला आला, तोंडात विडी. त्याला त्यांनी फाटकातच थोपवलं.

“आधी ती विझवा. मंग मताचं बघू.”

ओसरीवरचे आजारी लोक हसले. उमेदवाराने विडी चपलेखाली चिरडली आणि आणखी वाकून नमस्कार केला.

मीही हसले असेन. पण तो गेल्यावर फाटकाबाहेरची ती विडी पुरती विझली की नाही हे सासूबाई बघतात का, ते मी खिडकीतून बघत होते. बाळ मांडीवर होतं. त्या उठल्या नाहीत. मी हाक मारली.